भिंतीवरचं बायलमाणूस

गेल्या महिन्यात काकांचं वर्षश्राद्ध झालं. बऱ्याच दिवसांनी सगळे वेंगुर्ल्याला जमलो होतो. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर काकूने काकांचं कपाट उघडलं आणि म्हणाली, "ज्याला जे हवं ते न्या रे, मला एकटीला हे आवरायचं नाही." कुणी घड्याळ घेतलं, कुणी ट्रान्झिस्टर, मी त्यांचा फाउंटन पेन उचलला. मग विषय निघाला ओटीवरच्या मुखवट्याचा.

घरच्या मंडळींना तो माहीत आहेच. बाकीच्यांसाठी सांगतो. वीतभरापेक्षा थोडा मोठा, काळाभोर लाकडी चेहरा. लांबुडका, हनुवटीकडे निमुळता. मिटल्यासारखे बारीक डोळे, सरळ लांब नाक, किंचित पुढे आलेलं छोटंसं तोंड. गालांवर कोरलेल्या रेघा. दोन्ही कानांच्या जागी पंखांसारख्या पट्ट्या, खाली हनुवटीच्या दोन बाजूंना पायांसारखे दोन दांडके आणि डोक्यावर एक पक्षी. लहान मुलं त्याला घाबरतात. मांजर मात्र नेमकं त्याच्याच खाली झोपतं.

तर धाकट्या चुलतभावाने फोनवर काहीतरी शोधलं आणि जाहीर केलं, की 'सेनुफो' लोकांची एक लाकडी स्त्रीमूर्ती २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी २० लाख डॉलरना गेली. सगळे एकदम गप्प. मग एकेकाची नजर भिंतीकडे वळली. "पण हा खरा आहे की नकली?" कुणीतरी विचारलं. कुणी म्हणालं, मुंबईला नेऊन किंमत करून घेऊ. काकू काही बोलली नाही, उठून आत गेली. शेवटी मोठ्या दादाने ती कामगिरी माझ्यावर ढकलली. "तुला वाचायची हौस आहे ना, मग तूच काय ते शोधून काढ."

तर हा त्या चौकशीचा अहवाल. थोडा लांबलाय, चहा घेऊन बसा.

आधी तो मुखवटा वेंगुर्ल्यात आला कसा ते सांगतो. काका काजूच्या धंद्यात होते. आपले कारखाने फक्त इथल्या बियांवर वर्षभर चालत नाहीत, आफ्रिकेतून कच्ची बी बोटीने येते. त्यात मोठा वाटा कोत दिव्वारचा, म्हणजे आपण शाळेत ज्याला आयव्हरी कोस्ट म्हणायचो त्या देशाचा. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही नेला. कोत दिव्वारच्या उत्तर भागात १९६० च्या सुमारास जमिनीची धूप थांबवायला म्हणून काजूची झाडं लावली गेली. पुढे त्यांचंच नगदी पीक झालं आणि गेल्या दशकात तो देश कच्च्या काजूच्या उत्पादनात जगात पहिला आला. या काजूच्या मुलखातलं मोठं शहर म्हणजे कोरहोगो, आणि कोरहोगो म्हणजे सेनुफो लोकांचा मुलूख.

काका काही वर्षं हंगामात तिकडे जायचे. पोत्यातली मूठभर बी काढायची, फोडायची, आत गर किती भरलाय ते बघायचं आणि भाव ठरवायचा. ते म्हणायचे, "अरे, लाल जांभ्याची माती, काजू, आंबे. भाषा सोडली तर सगळं आपलंच." २०१४ च्या हंगामाहून परतताना ते हा मुखवटा घेऊन आले. आजी तेव्हा होती. तिने बघितल्याबरोबर विचारलं, "ह्या काय हाडलंस रे? घरात भूत कित्याक?" काका हसून म्हणाले, "भूत न्हय गे आये, बायलमाणूस आसा ता."

आम्हाला तेव्हा तो विनोद वाटला होता. आता वाचल्यावर कळलं की काकांनी अगदी बरोबर माहिती दिली होती.

सेनुफो हे एका राज्याचं किंवा एका टोळीचं नाव नाही. कोत दिव्वारचा उत्तर भाग, मालीचा दक्षिण भाग आणि बुर्किना फासोचा नैर्ऋत्य कोपरा, अशा तीन देशांत पसरलेल्या, एकमेकींच्या जवळच्या भाषा बोलणाऱ्या अनेक गटांना मिळून हे नाव आहे. आणि ते नावही त्यांनी स्वतः घेतलेलं नाही, शेजारच्या मांदे भाषकांनी दिलेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोरीस देलाफोस नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने त्यांच्यावर विस्ताराने लिहिलं आणि ते नाव कागदोपत्री पक्कं झालं. १८९८ साली फ्रेंचांनी सिकासो जिंकलं, त्याच वर्षी सामोरी तुरेला पकडलं, आणि त्यानंतर हा सगळा मुलूख त्यांच्या ताब्यात आला. राज्य करायचं तर खानेसुमारी हवी, आणि खानेसुमारीला नावं हवीत. आपल्याला हे नवीन नाही.

गावगाडाही ओळखीचा वाटतो. बहुसंख्य लोक शेतकरी. त्यांच्याबरोबर लोहार, पितळ ओतणारे, कातडं कमावणारे, लाकूड कोरणारे असे कारागिरांचे वेगवेगळे गट. धंदा बापाकडून मुलाकडे आणि सोयरीक सहसा गटातल्या गटात. बलुतेदार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे येतं त्याच्या आसपासचं. लाकूड कोरणाऱ्यांचा जो खास गट आहे, त्यांना कुलेबेले म्हणतात. मुखवटे, मूर्ती, बसायची स्टुलं, दरवाजे, हे त्यांचं काम. मुख्य हत्यार वाकस. आपला सुतार जसा वाकसाने लाकूड तासतो, तसाच तो कोरक्या एका ओंडक्यातून नाक, डोळे, शिंगं, पक्षी, सगळं काढतो. जोड नाही, खिळा नाही.

पण मुखवटा कोरणाऱ्याचा असला तरी तो चालतो कुणाच्या हुकुमावर? इथे 'पोरो' समजून घ्यावा लागतो.

पोरो म्हणजे पुरुषांची दीक्षासंस्था. गावाबाहेर देवराईसारखं एक राखलेलं रान असतं. मुलं लहानपणीच त्यात शिरतात आणि पायऱ्या चढत जातात. जुन्या रीतीप्रमाणे तीन टप्पे, प्रत्येक साधारण सात वर्षांचा. म्हणजे पूर्ण व्हायला वीसेक वर्षं! (आता शाळा, नोकऱ्या, शहरं यांमुळे हा काळ पुष्कळ आटोपशीर झालाय.) त्यात गावाचा इतिहास, गुप्त भाषा, शेतातलं सामुदायिक काम, वडीलधाऱ्यांशी वागणं, सगळं शिकवतात. आणि गंमत म्हणजे पुरुषांच्या या संस्थेची अधिष्ठात्री एक स्त्री आहे, प्राचीन माता. दीक्षा घेणारी मुलं तिची लेकरं म्हणून पुन्हा जन्म घेतात अशी कल्पना. बायकांची वेगळी संस्था आहे, 'सांदोगो'. कौल लावणं, अदृश्य जगाशी बोलणं हे तिचं काम. पुष्कळ सेनुफो गटांत घराणंही आईकडून चालतं.

आता काकांचं 'बायलमाणूस'. आपल्या भिंतीवर जो चेहरा आहे, त्या जातीच्या मुखवट्याला 'क्पेलिये' म्हणतात. (उच्चार करताना क आणि प एकदम म्हणायचा. मला अजून जमलेला नाही.) तो स्त्रीचा चेहरा आहे. सुंदर, शांत, स्त्रीसुलभ. गालावरच्या रेघा म्हणजे अंगावर व्रणांनी काढायची नक्षी, आपल्याकडच्या गोंदणासारखी. डोक्यावर कधी पक्षी असतो, कधी ताडफळांचा घोस, कधी काटेसावरीच्या जातीच्या झाडाची खूण. मुखवटा कुठल्या कारागीर गटाचा आहे ते पुष्कळदा या खुणेवरून सांगता येतं. आपल्या मुखवट्यावरचा पक्षी म्हणजे धनेश असावा, चोच तशी लांब आणि बाकदार आहे. धनेश, रंग बदलणारा सरडा, कासव, साप आणि मगर हे सेनुफोंचे पाच आद्य प्राणी समजतात.

हा स्त्रीचा चेहरा नाचवतो मात्र पुरुष. अंगभर कपडा, गळ्याभोवती आणि खाली तंतूंची झालर, पायात छुमछुमणारं काही, समोर बालाफोन आणि ढोल. बालाफोन म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, प्रत्येक पट्टीखाली आवाज घुमायला भोपळा. (माली, बुर्किना फासो आणि कोत दिव्वार या तीन देशांतल्या सेनुफोंच्या बालाफोन परंपरेला २०१२ साली युनेस्कोच्या यादीत एकत्र जागा मिळाली.) पावलं झरझर, हालचाल नाजूक.

आणि हा नाच कशासाठी? सुगीनंतर काही ठिकाणी होतो. पण मुख्यतः अंत्यविधीसाठी.

इथे मी वाचता वाचता थांबलो. कारण पुस्तक हातात होतं आणि समोर काकांचा हार घातलेला फोटो.

अनिता ग्लेझ नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या आसपास सेनुफो गावात राहून अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९८१ साली आलं, आणि त्याच्या नावातच कला आणि मृत्यू हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सेनुफो गावात कला बघायची तर वडीलधाऱ्याच्या अंत्यविधीला जावं. पोरोची पायरी पूर्ण केलेला माणूस गेला की त्याला नीट पोचवावं लागतं. विधी अर्धवट राहिला तर तो घराभोवती घुटमळत राहतो, जिवंतांना त्रास होतो. विधी झाला की तो मृतांच्या गावात जातो, पूर्वजांत सामील होतो. कावळा शिवेपर्यंत आपण ताटकळत उभे राहतो, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या कामाला दोन तऱ्हेचे मुखवटे बाहेर पडतात. एक हा क्पेलिये, गेलेल्याचा मान राखणारा. दुसरा अगदी उलट. आडवा, डोक्यावर शिरस्त्राणासारखा घालायचा. जबडा मगरीचा किंवा तरसाचा, सुळे रानडुकराचे, शिंगं हरणाची, मधोमध सरडा आणि धनेश. युरोपियनांनी त्याला 'आग ओकणारा' असं नाव ठेवलं, कारण रात्रीच्या नाचात काही वेळा त्याच्या जबड्यातून ठिणग्या उडत. तो भुतंखेतं आणि करणी यांना पळवून लावतो. असे काही मुखवटे दीक्षा न घेतलेल्यांनी बघायचेही नसतात. एक ओवाळून निरोप देणारा आणि एक काठी घेऊन वाट मोकळी करणारा. निरोपाला बहुधा दोन्ही लागतात.

काकांनी एकदा सांगितलेली गोष्ट मला आता नीट कळली. हंगामात एकदा गोदामावरचे हमाल तीन दिवस आलेच नाहीत. ट्रक भरायचे राहिले, बोट चुकायची वेळ. काका भडकले. ड्रायव्हर म्हणाला, त्यांच्या गावातला म्हातारा गेलाय, मुखवटे निघणार आहेत, विधी होईपर्यंत कुणी येणार नाही. त्या रात्री काकांना लांबून बालाफोन ऐकू येत होता. "पहिल्यांदा डोकं फिरलं," ते म्हणाले होते, "मग वाटलं, आपल्याकडे तेरा दिवस जातात. त्यांचे तीन गेले तर काय बिघडलं?" त्याच फेरीत परत निघायच्या आधी त्यांनी हा मुखवटा घेतला.

आता खरा की नकली हा प्रश्न. त्यासाठी थोडा इतिहास.

संग्रहालयांतले बरेच जुने सेनुफो नग गावाबाहेर कसे पडले याची एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. १९४६ च्या सुमारास मालीतल्या सान गावाच्या बाजूला 'मासा' नावाचा एक नवा पंथ उभा राहिला. त्याची शिकवण अशी, की मासाला शरण या, करणीपासून तुमचं रक्षण होईल, पण आधी जुन्या मूर्ती आणि जुनी दैवतं टाकून द्या. १९५० च्या आसपास ही लाट कोत दिव्वारच्या उत्तरेत पोचली आणि काही गावांनी आपल्या रानातल्या वस्तू बाहेर काढून टाकल्या. त्या भागातल्या कॅथलिक मिशनऱ्यांनी आणि युरोपियन व्यापाऱ्यांनी त्या गोळा केल्या. कोरहोगोजवळच्या लाताहा गावातल्या प्रसिद्ध मूर्ती अशाच मिशनऱ्यांच्या हातून बाहेर गेल्या. काही वर्षांत मासाची लाट ओसरली. वस्तू मात्र परत आल्या नाहीत.

ही गोष्ट आपल्यापर्यंत प्रामुख्याने ज्यांनी वस्तू उचलल्या त्यांच्याकडूनच आली आहे. "त्यांनी टाकल्या म्हणून आम्ही घेतल्या" हे वाक्य घेणाऱ्याच्या किती सोयीचं आहे बघा! अलीकडचे अभ्यासक ती म्हणूनच जपून वाचतात. लाट आली होती हे खरं. पण प्रत्येक वस्तू टाकलेलीच होती का, कुणी विकली, कुणी दबावाखाली दिली, हे प्रश्न उरतातच.

पुढे १९६३ साली न्यूयॉर्कच्या 'म्युझियम ऑफ प्रिमिटिव्ह आर्ट'मध्ये फक्त सेनुफो शिल्पांचं मोठं प्रदर्शन भरलं. हे संग्रहालय नेल्सन रॉकफेलर यांनी काढलेलं, १९५७ साली उघडलेलं. प्रदर्शनामागचे अभ्यासक रॉबर्ट गोल्डवॉटर. दुसऱ्या वर्षी त्यांचं पुस्तक आलं आणि 'सेनुफो शैली' म्हणजे काय याचं चित्र पाश्चात्त्य जगात ठरून गेलं. पुढे ते संग्रहालय बंद झालं आणि संग्रह मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गेला. तिथलं ते दालन १९८२ साली उघडलं आणि दुरुस्तीनंतर २०२५ साली पुन्हा उघडलं. मेटमध्ये एक क्पेलिये मुखवटा आहे, त्याला शिंगं, तंतू, कापड, पीस, सगळं अजून चिकटलेलं आहे. त्याचा फोटो मिळाला तर बघा. बाजूला आपल्या भिंतीवरचा किंवा कुठल्याही पुस्तकातला गुळगुळीत लाकडी चेहरा ठेवा. फरक लगेच कळतो. बहुतेक ठिकाणी काचेमागे फक्त लाकूड पोचलंय. कपडा, झालर, घाम, धूळ, बालाफोन, आत कोण आहे हे माहीत असूनही ते न बोलणारं गाव आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो गेलेला माणूस, हे सगळं मागे राहिलं.

आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. गौरीचा पितळी मुखवटा वर्षभर डब्यात असतो, तेव्हा तो डबाच असतो. साडी नेसवून, दागिने घालून, पावलांनी घरात आणली की ती माहेरवाशीण. उद्या कुणी नुसता मुखवटा काचेत ठेवून खाली "पितळ, विसावं शतक" अशी चिठ्ठी लावली तर आईला काय वाटेल? चिठ्ठीतलं एक अक्षरही खोटं नसेल.

इकडे संग्रहालयं भरत होती, तेव्हा तिकडे कुलेबेले काय करत होते? कोरत होते! फ्रेंच अधिकारी, मग व्यापारी, मग पर्यटक मागायला लागले तसे ते मागतील तसं कोरून देत गेले. डोलोरेस रिश्टर यांचं कुलेबेल्यांवरचं पुस्तक १९८० साली आलं, त्यात हा बदल सविस्तर आहे. कोरहोगोमधल्या कोको नावाच्या वस्तीत कोरक्यांची घरं आहेत. १९६० साली देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या भरभराटीच्या काळात तिथून मुखवटे आबिजानच्या बाजारात आणि तिथून युरोप-अमेरिकेत जात राहिले. म्हणजे ज्या हातांनी पोरोसाठी कोरलं, त्याच घराण्यांनी पर्यटकांसाठीही कोरलं. पोट दोन्हींवर होतं.

मग बाजाराने एक नवी अट घातली. गिऱ्हाईकाला नवा मुखवटा नको, 'वापरलेला' हवा. क्रिस्टोफर स्टाइनर यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी आबिजानच्या व्यापाऱ्यांमध्ये राहून १९९४ साली पुस्तक लिहिलं. नव्या लाकडाला धूर देणं, माती चोपडणं, कडा झिजवणं, आणि वर गावातल्या आजोबांची गोष्ट चिकटवणं, असे सगळे प्रकार या धंद्यात कसे चालतात ते त्यात आहे. फसवणूक आहेच, तिची तरफदारी नाही. पण ती एका मागणीला दिलेलं उत्तर आहे. मागणी अशी, की मुखवटा जितका जुना तितका खरा.

सेनुफो गावात मात्र हा हिशोब चालत नाही. लाकडाला वाळवी लागते, पावसाने कुजतं, नाचताना फुटतं. मग पोरोचे म्हातारे कोरक्याकडे नवीन मुखवटा सांगतात. नवा पोरोत दाखल झाला, विधी झाला, की तोच खरा. जुना गेला म्हणून परंपरा संपत नाही, आणि जुना काचेत जपला म्हणून ती टिकत नाही. मुखवटा खरा ठरतो तो त्याच्या कामाने. बाजाराने मात्र खरेपणा त्याच्या वयात शोधला.

संग्रहालयात वस्तू सुरक्षित राहते असं म्हणतात, तेही नेहमी खरं नाही. २००२ साली कोत दिव्वारमध्ये यादवी पेटली आणि देशाचे दोन तुकडे पडल्यासारखं झालं. कोरहोगोसह उत्तर भाग बंडखोरांकडे गेला. पर्यटक आटले, कोको वस्तीचा धंदा बसला. नंतर २०११ च्या लढाईत आबिजानच्या राष्ट्रीय संग्रहालयातून शंभरावर वस्तू चोरीला गेल्या. आणि २०१५ साली अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संग्रहालयात सेनुफोंवर पुन्हा मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा त्यासोबतच्या सुझन गाल्यार्दी यांच्या पुस्तकाने वेगळाच प्रश्न विचारला, की मुळात 'सेनुफो कला' हा शिक्का कुणी आणि कसा मारला? तो शिक्का बाजूला ठेवून एकेक वस्तू, एकेक कोरक्या, एकेक गाव बघा, असा त्यांचा आग्रह. पन्नास वर्षांत न्यूयॉर्कपासून क्लीव्हलँडपर्यंत एवढा प्रवास झाला.

तर आता निकाल. आपला मुखवटा मी खाली काढून नीट बघितला. मागची बाजू स्वच्छ, वाकसाचे वार ताजे. कडेला झालर बांधायला भोकं नाहीत. आत तोंड ठेवायच्या जागी घासल्याची खूण नाही. हा मुखवटा कधी कुणाच्या चेहऱ्यावर चढलेला नाही. काकांना विकायलाच कोरलेला, २०१४ च्या आसपासचा. मुंबईला नेलात तर रिक्षाभाडं सुटेल की नाही शंका आहे. १ कोटी २० लाख डॉलरचं स्वप्न बघणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी.

म्हणजे नकली? मला ते म्हणवत नाही. काकांना कुणी धूर दिलेला, माती चोपडलेला, आजोबांच्या गोष्टीचा मुखवटा विकला नव्हता. नवं लाकूड नवं म्हणूनच विकलं होतं. हे खोटं नव्हे. पण हा नाचलेलाही नाही, तेव्हा त्याला 'खरा' म्हणून मिरवणंही बरोबर नाही. तो कोरहोगोच्या एका कारागिराचं एका दिवसाचं काम आहे, आणि एका काजूवाल्याने तिथल्या तीन दिवसांची आठवण म्हणून घेतलेली वस्तू आहे. एवढंच.

हे सगळं मी काकूला फोनवर सांगितलं. अंत्यविधीचं सांगताना जरा चाचरतच होतो. वाटलं, म्हणेल, "असलं काहीतरी घरात कशाला टांगून ठेवलंय?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माहिती आहे मला. हे सांगून गेलेत. म्हणूनच त्या दिवशी मी काही बोलले नाही. तुम्ही पैशाचं बोलत होतात."

मला काय बोलावं सुचेना.

तर मंडळी, मुखवटा कुणी न्यायचा हा प्रश्न निकालात निघालाय. तो ओटीवरच राहील, मांजराच्या वरती. काकू सांगते, काकांच्या फोटोवरची धूळ पुसते तेव्हा त्याच फडक्याने त्याचीही पुसते. पुढच्या वेळी वेंगुर्ल्याला गेलात तर लहान मुलांना एवढं नक्की सांगा, की ते भूत नाही, बायलमाणूस आहे. आणि तिच्या मुलखात तिचं काम माणसाला नीट पोचवण्याचं असतं.

असो.